आधी कारण सांगा

‘जोगवा’मधला तायप्पा साडी नेसतो ती देवीच्या धाकानं. दुखण्याचा अर्थ यल्लम्माचा कौल असा लावला जातो, घरचे हवालदिल होतात, गावाचा दबाव येतो आणि धडधाकट तरुण पोर जोगता होऊन दारोदार फिरायला लागतं. राजीव पाटील यांच्या या चित्रपटात (२००९) उपेंद्र लिमये यांनी तायप्पाची घुसमट ज्या ताकदीनं उभी केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो रास्तच होता. शेवटाकडे तायप्पा अंगावरचं जोगत्याचं लेणं झुगारतो, सुलीचा हात धरतो आणि बाहेर पडतो. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. त्या आपणही वाजवल्या आहेत.

आता त्याच प्रेक्षागृहात एक वेगळा प्रेक्षक बसवून पाहा. यल्लम्माच्या नावानं का होईना, पण साडी नेसायला मिळते, हातात चुडा भरायला मिळतो, लोक पाया पडतात, कुणी दगड मारत नाही, असं ज्याच्या आयुष्यात एकच ठिकाण होतं तो माणूस. सौंदत्तीच्या डोंगरावर अशी माणसं पिढ्यान् पिढ्या येत आली आहेत. पडद्यावर साडी फेकली जाते आणि सगळं प्रेक्षागृह सुटकेचा श्वास टाकतं, तेव्हा या माणसानं काय समजायचं? चित्रपट अंधश्रद्धेविरुद्ध आहे, प्रामाणिक आहे. पण त्यात साडी म्हणजे बेडी आणि पुरुषपण म्हणजे मुक्ती, हे समीकरण इतकं घट्ट आहे की साडीतच मोकळा होणारा जोगता त्या चौकटीत मावत नाही.

मराठीतल्या आणि मराठी माणसाच्या रोजच्या पाहण्यातल्या हिंदी कथा-कादंबऱ्या, नाटक-सिनेमांमधली तृतीयपंथी, पारलिंगी, स्त्री-पुरुष या दोन खणांत न बसणारी पात्रं एकापुढे एक मांडली, तर एक गोष्ट लक्षात येते. अशी पात्रं आपल्याकडे कमी नाहीत, उलट भरपूर आहेत. मात्र प्रत्येक पात्राला आत येताना दारातच अडवून विचारलं जातं, की तू असा का झालास? शाप, नवस, जट, भूक, बलात्कार, घरभाडं, काहीही चालेल, पण कारण हवं. कारण पटलं की सहानुभूती मिळते. आणि कारण आहे म्हटल्यावर ते दूर झालं की पात्रानं ‘मूळपदावर’ यावं, ही अपेक्षाही ओघानं येते.

ही सवय जुनी आहे. महाभारतात शिखंडी आहे, पण त्याच्यामागे अंबेचा सूड आहे. बृहन्नडा आहे, पण तिच्यामागे उर्वशीचा शाप आहे, आणि तोही वर्षभरापुरता, अज्ञातवासाला सोयीचा पडेल असा. वर्ष संपतं, गांडीव हातात येतं, विराटाच्या अंतःपुरात मुलींना नाच शिकवणारी ती बाई पुन्हा कुणाला आठवत नाही. उत्तरेला नृत्य शिकवण्यात अर्जुनाला आनंद होत होता का, हा प्रश्न आपल्या कीर्तनांतही फारसा कुणी विचारला नाही.

‘जोगवा’च्या मागे राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आहेत, शिवाय चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा. गवस गडहिंग्लज परिसरातले, देवदासी प्रश्नावरच्या चळवळीशी जोडलेले. म्हणून त्यांच्या लेखनात जोगत्याचं जग माहितीच्या बारकाव्यांसह येतं: परडी, भंडारा, चौंडकं, पौर्णिमेची यात्रा, जोगत्यांमधली वडीलधारी माणसं आणि त्यांची दादागिरी. मराठी साहित्याला हे जग दाखवलं याचं मोल मोठं आहे. फक्त हे लेखन मुळात प्रथेवर आहे. प्रथेचा बळी म्हणून जोगता दिसतो, प्रथेच्या आडोशानं जगणारा जोगता कडेला राहतो. सुधारणावादी लेखनाची ही मर्यादा मला समजते. १९८०च्या दशकात त्या भागात पोरीबाळींना देवाला सोडलं जात असताना लेखकानं आधी कुठली आग विझवायची, हे आपण आज इथं बसून ठरवू नये. पण त्यानंतर चाळीसेक वर्षं गेली, आणि त्या कडेला राहिलेल्या जोगत्याची कादंबरी अजून वाट पाहते आहे.

‘नटरंग’ची गोष्ट जरा निराळी. आनंद यादवांचा गुणा कागलकर तालमीतला गडी. तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो, कारण फडाला नाच्या हवा आणि दुसरं कुणी तयार नाही. रवी जाधव यांच्या २०१०च्या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी त्यासाठी आधी शरीर कमावलं आणि मग उतरवलं. त्या कष्टांचं कौतुक खूप झालं. मात्र चित्रपट ज्या काळजीनं गुणाच्या पुरुषपणाचा दाखला देत राहतो ती काळजी पाहण्यासारखी आहे. त्याची बायको आहे, पोर आहे, दंड आहेत, त्याच्यावर जीव टाकणारी नर्तकी आहे. म्हणजे तुम्ही याच्यासाठी रडू शकता, हा ‘तसला’ नाही. आणि तो तसला असता तर? तर त्याच्यावर झालेला अत्याचार आपल्याला तेवढाच टोचला असता का? ‘नटरंग’ हा प्रश्न विचारत नाही. तो न विचारण्यावरच त्याची करुणा उभी आहे.

गणपत पाटलांनी हे उलट्या बाजूनं भोगलं. मराठी तमाशापटांत त्यांचा नाच्या आला, ‘आत्ता गं बया’ म्हणाला, की हशा ठरलेला. कोल्हापूरचा हा कसलेला नट त्या एका मुरडीत अडकला, इतका की पडद्यावरच्या सोंगावरून प्रत्यक्षातल्या माणसाबद्दल कुजबुज व्हायची. नाच्याला कथानकात काम काय असायचं? नर्तकीच्या मागे उभं राहायचं, सोंगाड्याशी लाडिक भांडायचं, मार खायचा. त्याला घर नव्हतं, प्रेम नव्हतं, दुःख तर नव्हतंच. त्याच्याकडे कुणी कारणही मागितलं नाही, कारण त्याला माणूस म्हणून मोजलंच नव्हतं. विनोदात ही सवलत मिळते. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांत आजही साडी नेसलेला पुरुष नुसता आत आला तरी पुरतं, वाक्य लिहावं लागत नाही.

विनोदाचा दुसरा प्रकार मात्र निरागस आहे आणि मला तो आवडतोही. ‘मोरूची मावशी’ किंवा ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). सचिनची सुधा आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती साडी नेसतात ती लीलाबाई काळभोरांच्या घरात जागा हवी म्हणून. कारण इतकं व्यावहारिक आहे की प्रेक्षक निर्धास्त होतो. पुण्या-मुंबईत खोलीसाठी माणूस काय वाटेल ते करेल, हे सर्वांनाच मान्य. ज्यांना खरोखरच साडी नेसल्यामुळे कुठलाही घरमालक दारात उभं करत नाही, त्यांनी हा चित्रपट पाहताना काय केलं असेल? हसलेच असतील. तो चित्रपटच तसा आहे.

मराठी रंगभूमीला तर या विषयाचं वावडं असण्याचं कारणच नव्हतं. नारायण श्रीपाद राजहंस शालू नेसून उभे राहिले की घराघरांतल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकत. एका अख्ख्या समाजानं स्त्रीत्वाचा नमुना म्हणून एका पुरुषाला डोक्यावर घेतलं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नाही. कला म्हटली की कारणाची अट सुटते. पण बालगंधर्व ही खरी व्यक्ती. त्या परंपरेच्या तळाशी साचलेला गाळ ज्यानं नाटकात आणला तो सतीश आळेकरांचा ‘बेगम बर्वे’, १९७९चा.

बर्वे हा संगीत नाटक कंपनीत किरकोळ स्त्री-भूमिका करणारा नट. कंपन्या बुडाल्या, बर्वे उरला. आता तो उदबत्त्या विकतो, श्यामराव नावाच्या टांगेवाल्याच्या धाकात राहतो आणि मनातल्या मनात नायिका होतो. त्याच्या स्वप्नात जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून शिरतात. जावडेकरांच्या मनात कचेरीतल्या नलावडेबाई आहेत, बर्वेच्या मनात नाटकातली नायिका आहे. दोन्ही स्वप्नं एकमेकांत मिसळतात, बर्वे नलावडेबाई होतो, लग्न लागतं, दिवस जातात. नाट्यपदांच्या सुरांवर हे सगळं इतकं सहज घडतं की कुठून स्वप्न सुरू झालं ते प्रेक्षकाला कळत नाही. मग श्यामराव येतो आणि ते सगळं मोडतो. थिएटर अ‍ॅकॅडमीच्या प्रयोगात चंद्रकांत काळे बर्वे करत. ज्यांनी तो पाहिला ते अजून त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

या नाटकावर पुष्कळ लिहिलं गेलं. बहुतेकांनी बर्वेमध्ये मराठी मध्यमवर्गाची स्मरणरंजनाची खोड वाचली, गतवैभवाला कवटाळून बसलेली षंढ संस्कृती वाचली. ते वाचन चूक नाही, आळेकरांचा रोखही बराचसा तिकडेच आहे. पण त्या वाचनात बर्वेला रूपक केलं जातं आणि रूपक झालेल्या माणसाला स्वतःची इच्छा उरत नाही. मी हे नाटक वाचतो तेव्हा मला सर्वांत खरी वाटते ती बर्वेची आस. त्याला शालू हवा आहे, डोहाळजेवण हवं आहे, कुणीतरी बायको म्हणून हाक मारायला हवी आहे. आणि आळेकर त्याच्याकडे खुलासा मागत नाहीत. लहानपणी असं झालं, मग तसं झालं, म्हणून बर्वे असा, ही वंशावळ नाटकात नाही. कंपनीतल्या कामांमुळे तो असा झाला, की तो असा होता म्हणून कंपनीत रमला, याचा निवाडा ते करत नाहीत. कारणावाचून उभं राहिलेलं मराठीतलं हे पहिलं मोठं पात्र असावं, असं माझं मत आहे. गंमत म्हणजे लेखकाला पारलिंगी व्यक्तीवर नाटक लिहायचं नव्हतं, म्हणूनच बहुधा ते जमलं.

तेंडुलकरांची ‘मित्राची गोष्ट’ दोनच वर्षांनी, १९८१ साली रंगमंचावर आली. सुमित्रा देव, सगळ्यांची मित्रा. रोहिणी हट्टंगडी यांनी ती केली. कॉलेजच्या नाटकात मित्राच्या वाट्याला पुरुषाची भूमिका येते, समोर नमा असते, आणि भूमिका उतरवल्यावरही जे उरतं ते मित्रा ओळखते. गोष्ट सांगतो बापू, तिचा मित्र, थोडा प्रेमात पडलेला, थोडा भ्यालेला. मित्राचा शेवट आत्महत्येत होतो. आज हे नाटक समलिंगी स्त्रीचं नाटक म्हणून ओळखलं जातं, आणि तेंडुलकरांना तेच अभिप्रेत असावं. पण मित्राचं चालणं-बोलणं, तिचा रुबाब, पुरुषाच्या भूमिकेत तिला सापडलेला निवांतपणा हे आज वाचताना दुसरी वाटही उघडी दिसते: ही बाई बाईवर प्रेम करते आहे की बाई नसण्याच्या काठावर उभी आहे? संहितेत दोन्हीला जागा आहे. जन्मतः मुलगी ठरवलेल्या, पण पुरुष म्हणून जगू पाहणाऱ्या माणसाची चाहूल मराठी नाटकात लागते ती इथं, आणि त्यानंतर बराच काळ सामसूम आहे. मच्छिंद्र मोरे यांचं ‘जानेमन’ हिजड्यांच्या वस्तीत थेट शिरलं, वामन केंद्रे यांनी ते गाजवलंही, पण तिथंही जग स्त्रीकडे चाललेल्यांचंच आहे. ट्रान्स पुरुष आपल्या कथेत जवळजवळ नाहीच. साडीतला पुरुष पाहायला आपण सरावलो. शर्ट घातलेल्या बाईकडे आपली नजर ठरत नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही आणि पाया पडण्यासारखंही.

मुंबईत तयार होणाऱ्या हिंदी चित्रपटाकडे वळलं की पहिला भेटतो तो नगरचा मराठी नट. ‘सडक’मधली (१९९१) महाराणी. सदाशिव अमरापूरकरांनी कुंटणखाना चालवणारी ही खलनायिका अशी काही रंगवली की त्याच सुमारास सुरू झालेला, नकारात्मक भूमिकेसाठीचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला. महाराणी भयंकर आहे आणि तिचं भयंकर असणं तिच्या हिजडेपणाशी शिवून टाकलेलं आहे. टाळी हे तिथं धमकीचं हत्यार. गाडीच्या काचेवर टकटक झाली की आत बसलेल्यांच्या पोटात जो गोळा येतो, त्यात महाराणीचा वाटा थोडाथोडका नाही. कलाकृती उत्तम असून घातक असू शकते, याचं हे चोख उदाहरण. ‘संघर्ष’ (१९९९), ‘मर्डर २’ (२०११) यांनी तोच साचा पुढे वापरला, पण त्यांत अमरापूरकर नव्हते.

महाराणीचं प्रायश्चित्त घ्यावं तसा ‘सडक’च्याच महेश भट यांनी ‘तमन्ना’ काढला. माहीममधला टिक्कू, रंगभूषाकार, टाकून दिलेली मुलगी सापडते तिला वाढवतो. परेश रावल यांनी तो केला. हा चित्रपट खऱ्या घटनेवर बेतलेला होता, सामाजिक विषयासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. पण राक्षसाची जागा आता संतानं घेतली. लेकराला वाढवल्याशिवाय टिक्कूला माणुसकीचा दाखला मिळत नाही. मातृत्व हे आणखी एक कारण झालं: तू असा का झालास याऐवजी आम्ही तुला का खपवून घ्यावं, या प्रश्नाचं उत्तर. हा धागा पुढे फार ताणला गेला. ‘सुपर डिलक्स’ या २०१९च्या तमिळ चित्रपटात विजय सेतुपतींची शिल्पा गाव सोडून गेलेला बाप म्हणून परतते, आणि तिचा लहानगा मुलगा तिला जसा विनाअट जवळ करतो ती दृश्यं अप्रतिम आहेत. ते पोर कारण विचारत नाही. चित्रपटानं मात्र शिल्पाच्या पूर्वायुष्यात लहान मुलांच्या अपहरणाचा तुकडा घातला, आणि हिजड्यांच्या वस्तीतल्या लोकांना ज्या संशयाखाली जगावं लागतं तोच पुन्हा हाती दिला. पारलिंगी कार्यकर्त्यांचा त्यावरचा राग मला बरोबर वाटतो.

अमोल पालेकरांचा ‘दायरा’ (१९९६) इथं वेगळा काढून पाहायला हवा. गावातून पळवलेली, बलात्कार झालेली मुलगी, सोनाली कुलकर्णी. आणि बाईच्या वेषात हिंडणारा कलावंत, निर्मल पांडे. वाटेत सुरक्षित राहावं म्हणून तो तिला पुरुषाचे कपडे चढवतो. मग हळूहळू ती त्या कपड्यांत रुळते, चालणं बदलतं, आवाज बदलतो, आणि दोघांत जे प्रेम होतं त्यात कोण कोण आहे हे कपड्यांवरून सांगता येत नाही. फ्रान्समधल्या वालांसिएन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला. परीक्षकांनी केलेली ही खट्याळ निवड त्या चित्रपटाचं सर्वांत नेमकं परीक्षण आहे. आपल्याकडे मात्र तो फारसा कुणी पाहिला नाही. विश्वास पाटलांनी ‘रज्जो’ (२०१३) केला तेव्हा महेश मांजरेकरांच्या बेगमकडे पाहून वाटलं, की सतरा वर्षांत आपण पुन्हा महाराणीच्या माडीवर येऊन पोचलो. ‘लक्ष्मी’ (२०२०) मध्ये शरद केळकरांनी मनापासून केलेली लक्ष्मी खून झाल्यावर भूत होऊन नायकाच्या अंगात येते. जिवंतपणी तिला वाव नाही, मेल्यावर नायकाचं शरीर भाड्यानं मिळतं. मूळच्या तमिळ ‘कांचना’तही हेच होतं.

एक मालिका पाहा. उपेंद्र लिमये, ‘जोगवा’. संचारी विजय, कन्नड ‘नानु अवनल्ल... अवळु’. ऋद्धि सेन, बंगाली ‘नगरकीर्तन’. विजय सेतुपती, ‘सुपर डिलक्स’. सगळ्यांना अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार, आणि चौघांचीही कामं खणखणीत. पण पुरुष नटानं साडी नेसणं हे पदकाचं काम मानलं गेलं की कौतुक कुठं जातं ते कळतं. किती लांबचा प्रवास केला, किती वेगळं रूप घेतलं. म्हणजे पात्र हे नटापासूनचं अंतर म्हणून मोजलं जातं. हेच पात्र ट्रान्स नटीनं केलं तर आपण म्हणतो, तिला काय अवघड, ती तशीच आहे! कुलकर्ण्यांनी कुलकर्ण्याची भूमिका केली तर असं कुणी म्हणत नाही.

ऋद्धि सेनच्या पुटीबद्दल मात्र एक जास्तीचं वाक्य. कौशिक गांगुलींच्या त्या चित्रपटात पुटी प्रेमात आहे, तिला मधू नावाच्या बासरीवाल्याबरोबर संसार हवा आहे, आणि कीर्तनाच्या परंपरेतला राधाभाव या प्रेमाला भाषा पुरवतो. आपल्या वारकरी संतांनीही विठ्ठलापुढे स्त्री होऊन गाणी रचली. मराठी कादंबरीनं ती वाट अजून चोखाळलेली नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

हिंदी कादंबरीतलं एक पत्र थेट आपल्या दारात येऊन पडतं. चित्रा मुद्गल यांची ‘पोस्ट बॉक्स नं. २०३ नाला सोपारा’, २०१८च्या साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी. विनोद दिल्लीहून आईला पत्रं लिहितो, घरच्यांना कळू नये म्हणून नालासोपाऱ्याच्या टपालपेटीवर. बा, असं तो तिला म्हणतो. जननेंद्रियातल्या दोषामुळे लहानपणीच हिजड्यांच्या हवाली केलेलं हे पोर त्या जगात रमत नाही, टाळी शिकत नाही, आणि आपल्याला वेगळ्या रकान्यात घालू नका, घरी घ्या, असं म्हणत राहतं. पत्रं हृदय पिळवटणारी आहेत. पण विनोदचं सगळं म्हणणं शरीरातल्या एका उणिवेवर टेकलेलं आहे. अपंगांना सांभाळता तर आम्हाला का नाही, असा तो युक्तिवाद. जी व्यक्ती शरीरानं धडधाकट आहे आणि तरीही म्हणते की मी बाई आहे, तिला या युक्तिवादाचा काही उपयोग नाही. कारण शरीरातून मिळालं की वाचक विरघळतो. मनातून आलं की त्याच्या कपाळाला आठी पडते.

कायद्याचाही प्रवास असाच झाला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पारलिंगींच्या हक्कांवरच्या ‘नालसा’ खटल्यात सांगितलं, की माणूस स्वतःला जे म्हणवतो तेवढं पुरे, शस्त्रक्रियेची अट नको. २०१९चा पारलिंगी व्यक्तींसाठीचा कायदा आला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची पायरी मध्ये घातली गेली. दाखल्यावाचून आपल्याकडे काही सुटत नाही.

नालसा खटल्यातल्या याचिकाकर्त्यांपैकी एक पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत. त्यांच्या आयुष्यावरची ‘ताली’ ही मालिका २०२३ साली आली, दिग्दर्शक रवी जाधव, लेखक क्षितिज पटवर्धन. ही चरित्रात्मक मालिका, तिला निव्वळ कल्पित म्हणता येणार नाही. पण जाधवांच्या तीन कलाकृती शेजारी ठेवल्या की गेल्या काही वर्षांत काय हललं ते दिसतं. ‘नटरंग’मध्ये साडी ही मर्दाला भोगावी लागलेली शिक्षा. ‘बालगंधर्व’मध्ये (२०११) साडी ही कला, पूजेचा विषय. ‘ताली’त साडी ही गणेशच्या, म्हणजे पुढच्या गौरीच्या, आतली हाक, आणि शाळकरी वयातला तो गणेश कृतिका देव या मुलीनं केला आहे. मोठ्या गौरीच्या भूमिकेत सुश्मिता सेन यांच्याऐवजी ट्रान्स नटी का नाही, हा आक्षेप झाला, आणि तो टाळण्यासारखा नाही. तरी ‘सडक’मध्ये जी टाळी धमकी होती, ती इथं मालिकेचं नाव होते, हे लहान अंतर नव्हे. लेखनात मात्र ‘ताली’ भाषणाकडे झुकते. गौरी बोलायला लागली की समोरचे ऐकतात आणि पार्श्वसंगीत उंचावतं.

‘ताली’ आली त्याच महिन्यात ‘मेड इन हेवन’ या मालिकेचा दुसरा भाग आला. त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू या ट्रान्स डॉक्टर-अभिनेत्रीनं केलेली मेहेर लग्नं जुळवून देणाऱ्या नव्हे, साजरी करून देणाऱ्या कंपनीत काम करते. मांडव, पाहुणे, नवरीच्या आयांचे हट्ट निस्तरते. फोनवर ओळख झालेल्या पुरुषांना भेटते, कधी फसते, कधी वैतागते. तिच्या पारलिंगी असण्याला कथेत जागा आहे, पण ती नोकरीच्या, थकव्याच्या, एकटेपणाच्या शेजारची जागा आहे. मराठीत झी मराठीवरच्या ‘कारभारी लयभारी’ मालिकेत गंगा ही ट्रान्स अभिनेत्री रोज संध्याकाळी घराघरांत आली. ‘पाताल लोक’मधल्या (२०२०) चिनीला मणिपूरच्या मायरेंबम रोनाल्डो सिंग यांनी असा काही केविलवाणा तिखटपणा दिला की पोलिस कोठडीतलं तिचं दृश्य पाहवत नाही; पण तिथं तिच्या शरीराचा उलगडा प्रेक्षकाला धक्का देण्यासाठी वापरला, ही जुनी खोड तेवढी सुटली नाही.

नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला स्त्री वा पुरुष दोन्ही न मानणारं पात्र, मराठी कथेत शोधायला गेलं की आधी व्याकरण आडवं येतं. ‘मी आलो’ की ‘मी आले’? दुसऱ्याच वाक्यात निवेदकाला चिठ्ठी उघडावी लागते. ‘ते’ म्हणावं तर ते लेकरू, ते वासरू. मोठ्या माणसाला तो अपमान वाटेल. उर्सुला ले ग्विन यांनी ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये (१९६९) लिंगभेद नसलेल्या ग्रहावरच्या माणसांसाठी इंग्रजीतलं पुल्लिंगी सर्वनाम वापरलं आणि पुढे त्याबद्दल स्वतःच असमाधान नोंदवलं. पण मराठीतली अडचण वाटते तेवढी मोठी नाही. ‘मी पत्र लिहिलं’, ‘मला राग आला’, ‘मी उद्या जाईन’, या वाक्यांत बोलणारा कोण ते कळत नाही. सकर्मक क्रियापदांचा भूतकाळ, भविष्यकाळ आणि ‘मला’ची वाक्यं हाताशी असली की एखादा कसबी लेखक अख्खी कथा निवेदकाचं लिंग न सांगता लिहू शकेल. आणि कोल्हापूरकडच्या बायका तर पूर्वीपासून ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात, त्यांचं काही अडलेलं नाही.

दरम्यान पारलिंगी माणसं स्वतःच बोलू-लिहू लागली. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ (२०१२) वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून आलं. दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह आला. म्हणजे आत्मकथन आणि कविता ही दारं उघडली आहेत. दलित साहित्यातही आधी हीच उघडली होती. पण आत्मकथनाला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावंच लागतं: कधी कळलं, घरच्यांनी काय केलं, पहिली साडी कुणाची. वाचक ते विचारूनच पुस्तक विकत घेतो. कल्पित साहित्याची मोकळीक इथं उपयोगी पडावी. तिथं पात्राला खोटं बोलता येतं, गप्प बसता येतं, वाईट वागता येतं.

मला तर एक घरमालकीण वाचायची आहे. लीलाबाई काळभोरांसारखीच खवट, सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या दोन खोल्या भाड्यानं देणारी, दहानंतर दार बंद करणारी, नळाला मोटर लावू न देणारी. भाडेकरू तिला वैतागलेले असावेत, आणि त्यांचं बरोबर असावं. ती पारलिंगी आहे हे वाचकाला चौथ्या प्रकरणात, वीजबिलाच्या भांडणात, जाता जाता कळावं, आणि पाचव्या प्रकरणात भांडण तिथूनच पुढे चालू व्हावं.